चोराच्या हाती घाटाच्या किल्ल्या : एपिरसच्या डोंगरांत

पहिला दिवस : योआनिना

अथेन्सहून योआनिनाची बस कोरिंथच्या आखातावरचा तारांचा लांब पूल ओलांडते आणि मग ग्रीस एकदम हिरवागार होतो. पोस्टकार्डावरची पांढरी-निळी घरं मागे राहतात. समोर दगडी छपरांची गावं, ढगांत डोकं घातलेले डोंगर आणि पाऊस. ग्रीसमधल्या सर्वात पावसाळी शहरांत योआनिनाची गणना होते, त्यामुळे ऑक्टोबरात येणाऱ्यांनी छत्री नव्हे, चांगला रेनकोट आणावा. तळ्यावरच्या वाऱ्यात छत्री टिकत नाही.

आम्ही तिघं होतो. मी, नवरा आणि माझा मामा. मी आणि नवरा श्टुटगार्टला राहतो आणि मामा साताऱ्याहून आमच्याकडे आलेला. मामा एसटीत चालक होता, आंबेनळी घाटाची वळणं त्याला तोंडपाठ आहेत. शिवाय माळकरी. ग्रीसमध्ये हा काय खाणार याची काळजी घरातल्या सगळ्यांना होती. त्याने फक्त "घाट आहेत ना तिथे?" एवढं विचारलं आणि बॅग भरली.

घाट होते, आणि मला तेच बघायचे होते. चारशेहून जास्त वर्षं हा मुलुख, म्हणजे वायव्य ग्रीसमधला एपिरस, ऑटोमन साम्राज्यात होता. सुलतानाचा हात सपाटीवर पोचायचा, डोंगरात पोचत नसे. तिथे राज्य होतं क्लेफ्त टोळ्यांचं, म्हणजे सरळ मराठीत चोरांचं. घाटात काफिले लुटायचे, श्रीमंताला पळवून खंडणी घ्यायची, गावांकडून मेंढ्या वसूल करायच्या. फौज पाठवून हे थांबत नाही असं दिसल्यावर सरकारने जुनाच उपाय केला. सगळ्यात दांडग्या टोळीच्या नाईकाला बोलावलं, पगार ठरवला आणि त्याच घाटाची राखण त्याला दिली. असे राखणदार म्हणजे आर्मातोली. पगार थकला किंवा नेमणूक गेली की तो पुन्हा डोंगरात, पुन्हा चोर. आणि नेमणूक हवी असेल तर आधी इतके दरोडे घालायचे, की सरकारने स्वतःहून बोलावणं धाडलं पाहिजे. मामाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "आपल्याकडे उमाजी नाईकांचं काय होतं? रामोश्यांकडे पुरंदरची राखण होती. ती काढून घेतल्यावरच सगळं पेटलं." पुरंदरच्या पायथ्याशी सासुरवाडी असलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

योआनिनाचा किल्ला तळ्यात घुसलेल्या जमिनीच्या टोकावर आहे आणि आतल्या गल्ल्यांत अजून लोक राहतात. बालेकिल्ल्यात फेतिये मशिदीशेजारी लोखंडी पिंजऱ्याखाली एक कबर आहे, ती अली पाशाची. धड इथे आहे, डोकं इस्तंबूलला. तेपेलेनाचा (आज अल्बानियात) हा माणूस तरुणपणी स्वतः टोळीत होता. मग सरकारने त्यालाच घाटांचा मुख्य रक्षक केलं आणि १७८८ मध्ये तो योआनिनाचा पाशा झाला. पुढची तीसेक वर्षं एपिरस, अल्बानियाचा दक्षिण भाग आणि थेसलीवर त्याचं राज्य होतं, सुलतानाचं नावापुरतं. चोर पकडायला चोर नेमला की तो काय काय करू शकतो, याचा हा सर्वात मोठा नमुना.

बालेकिल्ल्याच्या बुरुजातलं चांदीकामाचं संग्रहालय चुकवू नका. क्लेफ्त मंडळींना चांदीने मढवलेल्या बंदुका, यातागान म्हणजे वाकड्या तलवारी, काडतुसांच्या चपट्या डब्या यांचा भारी सोस होता, आणि ते काम करणारे कारागीर याच शहरातले. लुटीचा पैसा शेवटी सोनारआळीतच यायचा, असं म्हणायला हरकत नाही.

दुसरा दिवस : तळ्यातलं बेट

पाम्वोतिस तळ्यातल्या बेटावर जायला किल्ल्याच्या पायथ्याच्या धक्क्यावरून होड्या सुटतात. दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता. होडी ठरावीक वेळेला सुटते, पण भरली की आधीही. बेटावर छोटं गाव आहे, गाड्या नाहीत, आणि उपाहारगृहांबाहेर काचेच्या टाक्यांत ईल मासे आणि बेडूक पोहत असतात. गिऱ्हाइकाने बोट दाखवायचं आणि तो मासा आत स्वयंपाकघरात जायचा. मामाने तिथून मान फिरवली ती थेट मठापर्यंत.

आयिओस पांतेलेइमोनच्या मठात, आज संग्रहालय असलेल्या लाकडी घरात, १८२२ च्या सुरुवातीला अली पाशा मारला गेला. झालं असं, की १८२० मध्ये सुलतान महमूद दुसरा याचा संयम संपला आणि त्याने अलीला बंडखोर ठरवलं. सुलतानाच्या फौजेने योआनिनाला वेढा घातला, पुढे हुर्शिद पाशा तिचा सेनापती झाला. ऐंशीच्या घरातला अली दीडेक वर्ष लढला, शेवटी माफीच्या बोलण्यांवर विसंबून या बेटावर आला, आणि माफीऐवजी शिपाई आले. तो माडीवर होता. त्यांनी खालून, तक्तपोशीतून गोळ्या झाडल्या. लाकडातली ती भोकं आजही दाखवतात.

तिकीट देणाऱ्या बाईंनी आम्हाला स्वतः वर नेलं. पर्यटक कमी होते आणि त्यांना बोलायचं होतं. साठीच्या असाव्यात, गळ्यात जाड लोकरीची शाल. मी विचारलं, तुम्हाला अली पाशा वाईट वाटतो की चांगला? त्या म्हणाल्या, "पोरी, त्याने आमची माणसं या तळ्यात बुडवली. फ्रोसिनीचं नाव इथल्या प्रत्येक मुलीला माहीत आहे. पण तो नसता तर १८२१ घडलं असतं का, ते मला सांग."

फ्रोसिनी म्हणजे कीरा फ्रोसिनी, जिला १८०१ मध्ये अलीच्या हुकमाने इतर सतरा बायकांसह या तळ्यात बुडवलं. आणि बाईंचा दुसरा मुद्दाही खोटा नाही. १८२१ च्या मार्चमध्ये दक्षिणेत मोरियात (आजच्या पेलोपोनेसमध्ये) ग्रीकांचं बंड झालं, तेव्हा मोरियाचा सुभेदार हुर्शिद पाशा नेमका इथे, योआनिनाच्या वेढ्यात गुंतलेला होता. शिवाय त्या बंडाचे काही मोठे सरदार, कारायस्काकिस, ओदिसेआस आंद्रूत्सोस, हे अलीच्याच पदरी वाढलेले. कारायस्काकिस तर पोरवयातच टोळीत गेला होता. पकडला गेला, कैदेत पडला आणि मग अलीच्याच पहाऱ्यात भरती झाला. ऑटोमन साम्राज्याने आपल्या शत्रूंना शिक्षण दिलं ते असं, पगार देऊन.

मामाच्या जेवणाचा प्रश्न या बेटावरच सुटला. "नीस्तिसिमो" हा शब्द पाठ करा. ऑर्थोडॉक्स उपासाचं जेवण, म्हणजे मांस, दूध, अंडी वगळून. वाढणारी बाई लगेच ओळखते, वाद नाही, स्पष्टीकरण नाही. उपासात शिंपले-कोळंबी मात्र चालतात, म्हणून "थालासिना ओखी", समुद्रातलं नको, हेही जोडा. मोठ्या पांढऱ्या घेवड्याचं टोमॅटोतलं कालवण, रानभाज्या, लसूण घातलेली वांगी असं सगळं येतं. टेबलावर 'बूकोवो' नावाची भरडलेली लाल मिरची मागा. मामाने ती कालवणावर ज्या हाताने टाकली ते बघून आचारी बाहेर आला.

तिसरा दिवस : झागोरी

भाड्याची गाडी घेतली. भारतीय परवान्यावर चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून आणा. आमची गाडी पहिल्या चढावर कण्हायला लागली, दुसऱ्या वळणावर लाल दिवा लागला आणि दुपारपर्यंतचा वेळ ती बदलून घेण्यात गेला. त्यामुळे झागोरी अर्धीच पाहिली.

४६ गावांचा हा प्रदेश २०२३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. कीपी गावाजवळचे कमानींचे दगडी पूल आणि मोनोदेंद्रीहून दिसणारी विकोसची दरी यासाठी लोक येतात, आणि यावंच. मी मात्र घरं बघत राहिले. इथले पुरुष बुखारेस्ट, इस्तंबूल, व्हिएन्नाला व्यापारासाठी जायचे आणि पैसा गावी धाडायचे. म्हणून घरांना उंच दगडी आवार, जाड लाकडी दिंडी दरवाजे, रस्त्याच्या बाजूला खिडकी नाहीच किंवा हातभर. मोनोदेंद्रीच्या मठापुढची पायवाट कड्याला चिकटून गुहांपर्यंत जाते. टोळी आली की गावकरी तिकडे पळायचे. वाटेला कठडा नाही. नवरा दहा पावलांवरून परतला, मामा पुढे जाऊन निवांत बघून आला.

जेवायला पिता, म्हणजे पातळ लाटलेल्या पापुद्र्यांची भाजलेली भाकरवजा पोळी, आत भाजी किंवा चीज. एपिरस पितांसाठीच प्रसिद्ध आहे. रानभाज्यांची खोर्तोपिता मागवा.

चौथा दिवस : सूली

या प्रवासाचा खरा दिवस हाच. योआनिनाहून ग्लिकीला उतरलो. आखेरोन नदी इथे दरीतून बाहेर पडते. प्राचीन ग्रीकांच्या समजुतीत हीच ती मेलेल्यांना पलीकडे नेणारी नदी, आज तिच्या गार निळ्या पाण्यात लोक तराफे चालवतात. तिथून वर अरुंद डांबरी रस्ता सामोनिवाला जातो. पेट्रोल खालीच भरा, वर काहीही नाही. पाणी आणि खाणंही सोबत घ्या. मामाला गाडी चालवायची परवानगी नव्हती, पण प्रत्येक वळणाला "हॉर्न द्या, जावईबापू, हॉर्न" हे चालू होतं आणि एका वळणाला समोरून खरंच सगळा रस्ता भरून शेळ्या आल्या.

सूली म्हणजे एक गाव नव्हे, डोंगरातल्या गावांचा संघ. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन, घरात अल्बानियन बोलणारे, बोत्सारिस, त्झावेलास अशा कुळांत विभागलेले लोक. पाशाला कर द्यायचा नाही, उलट खालच्या साठेक गावांकडून स्वतःच वसुली करायची. त्याला संरक्षणाचा मोबदला म्हणा किंवा खंडणी. अली पाशाने १७९२ मध्ये स्वारी केली, तेव्हा मोस्को त्झावेलाच्या पुढाकाराने बायकांनी वरून धोंडे लोटून ती परतवली. पुढची वर्षं वेढे, फितुरी, उपासमार. डिसेंबर १८०३ मध्ये तह झाला आणि सूलीचे लोक डोंगर सोडून निघाले. सामुएल नावाचा साधू मागे राहिला. कूंगीच्या टेकडीवरच्या दारूकोठारात तो चार-पाच जणांसह थांबला, अलीची माणसं ताबा घ्यायला आली आणि त्याने कोठार पेटवून दिलं.

सामोनिवाहून किआफाच्या किल्ल्यापर्यंत दगडांतून चढ आहे. हा किल्ला सूलीकरांचा नाही, त्यांना हाकलल्यावर अलीने बांधलेला. वाटेत धुकं इतकं उतरलं की पुढचा माणूस दिसेना, आणि त्या धुक्यातून भुंकणं जवळ यायला लागलं. इथली मेंढरांची कुत्री मोठी असतात आणि कळपाच्या बाजूला अनोळखी माणूस त्यांना खपत नाही. अशा वेळी पळू नका, कळपाला वळसा घाला आणि मेंढपाळाला हाक मारा. मामाने साताऱ्याच्या आवाजात "ओ पाव्हणं!" अशी हाळी दिली. भाषा कळली नसेल, पण शिट्टी वाजली आणि कुत्री थांबली.

मेंढपाळ सत्तरीचे आजोबा होते. माझं मोडकंतोडकं ग्रीक ऐकून त्यांनी स्वच्छ जर्मनमध्ये विचारलं, कुठून आलात? श्टुटगार्ट म्हटल्यावर हसूच लागले. तरुणपणी कितीतरी वर्षं श्टुटगार्टजवळच्या मोटार कारखान्यात काढलेली. एपिरसची अर्धी पिढी तिकडे होती. आता मुलं तिकडे आणि ते इकडे. पिशवीतून चीज आणि पाव काढला, आम्ही शेंगदाण्याची चिक्की दिली. दगडाआड बसून जेवलो.

मी त्यांना विचारलं, सूलीचे लोक इतके शूर, पण ज्या साठ गावांकडून ते वसुली करायचे त्यांचं काय म्हणणं होतं?

"माझी आजी त्याच गावांतली," ते म्हणाले. "शाळेत आम्ही सूलीच्या वीरांची गाणी म्हणायचो. घरी आलो की आजी म्हणायची, हो हो, फार शूर, आमच्या मेंढ्या न्यायला दरवर्षी न चुकता यायचे." मग हातातली काठी कूंगीकडे दाखवून म्हणाले, "पण सामुएलबद्दल ती काही बोलायची नाही. तिथे ती क्रूसाची खूण करायची."

खाली उतरताना नवऱ्याने विचारलं, मग हे लोक चोर की क्रांतिकारक? मला वाटतं, प्रश्न त्यांना विचारूनही उपयोग नव्हता. कारण पुढे १८२० मध्ये, सुलतानाची फौज अंगावर आल्यावर, याच अली पाशाने याच सूलीकरांना बोलावलं, त्यांचे डोंगर परत दिले आणि आपल्या बाजूने लढायला घेतलं. ते आलेही. त्यांत मार्कोस बोत्सारिस होता, जो १८२३ मध्ये कार्पेनिसीच्या लढाईत पडला आणि ज्याचे पुतळे आज ग्रीसभर आहेत. किआफाच्या भिंती ज्यांना बाहेर ठेवायला बांधल्या, त्याच माणसांच्या हाती त्या आल्या.

रात्री पार्ग्यात मुक्काम. नवऱ्याने क्लेफ्तिको मागवलं, लसूण-लिंबू लावून कागदात गुंडाळून तासन्‌तास भाजलेलं कोकराचं मांस. चोरलेली मेंढी जमिनीतल्या खड्ड्यात पुरून शिजवायची, म्हणजे धूर दिसत नाही, अशी त्याची कथा सांगतात. मामा म्हणाला, "दुपारच्या आजोबांना सांगू नका, जावईबापू, तुम्ही काय खाल्लंत ते."

पाचवा दिवस : झालोंगो आणि पार्गा

सूली सोडलेल्या लोकांचा एक गट झालोंगोच्या कड्याशी अलीच्या फौजेत सापडला. बायकांनी मुलांसह कड्यावरून उड्या टाकल्या. हातात हात धरून नाचत एकेकीने उडी घेतली, असं ग्रीक शाळांत शिकवतात. उडीबद्दल त्या काळच्याच लिखाणात आधार आहे, नाचाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. वर झोंगोलोपुलोसने घडवलेलं, १९६१ मध्ये पूर्ण झालेलं सिमेंट-दगडाचं प्रचंड शिल्प आहे. हात धरलेल्या बायकांची ओळ, कड्याकडे वाढत जाणारी. पायथ्याच्या मठापासून चारशेहून जास्त पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून सकाळीच जा. आम्हाला वरती शाळेची सहल भेटली. मास्तर तळमळीने सांगत होते आणि मागच्या रांगेतली मुलं मामाची गांधीटोपी न्याहाळत होती. शेवटी एकीने धीर करून फोटो मागितला, मग अख्खी सहल रांगेत.

दुपारी पार्गा. उतारावर रंगीत घरं, वर व्हेनिसवाल्यांचा किल्ला, खाली समुद्र. सगळे पोहायला येतात. पण १८०३ मध्ये सूलीतून वाचलेले लोक आसऱ्याला आधी इथेच आले होते, कारण पार्गा अलीच्या हाती नव्हतं. नंतर ते इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि १८१९ मध्ये इंग्रजांनी ते करार करून अलीच्या हवाली केलं. रहिवाशांच्या मालमत्तेपोटी दीड लाख पौंड ठरले. लोकांनी गाव सोडताना वाडवडिलांची हाडं थडग्यांतून काढून जाळली, राख बरोबर घेतली आणि कोर्फूला गेले. किल्ल्यात याबद्दल काही सापडेल म्हणून मी फिरले, पण गर्दी सूर्यास्ताची होती. गावातल्या मिठाईवाल्याला विचारलं, तर त्याला वर्षासकट सगळं माहीत होतं. त्याच्या मते अलीपेक्षा वाईट माणूस विकणारा.

ऑक्टोबरात इथली निम्मी हॉटेलं बंद होतात. उरलेल्यांत खोली स्वस्त मिळते, फक्त आधी फोन करा.

सहावा दिवस : मेत्सोवो

किनाऱ्यावरून एग्नातिया महामार्गाने परत डोंगरात. बोगद्यामागून बोगदे. टोलनाक्यावर सुटे पैसे देताना मामा म्हणाला, "नाईक बदलले, घाट तोच." मेत्सोवोपाशी बोगदा सोडून मुद्दाम जुन्या काताराच्या घाटाला गेलो, १,७०० मीटरवर. हिवाळ्यात तो बर्फाने अडतो. पूर्वी एपिरसहून थेसलीत जायचं तर इथूनच. मेत्सोवोच्या व्लाख लोकांनी (लॅटिनमधून आलेली भाषा बोलणाऱ्या डोंगरी मेंढपाळांनी) ही खिंड सांभाळायची आणि बदल्यात करात सूट घ्यायची, अशी व्यवस्था सतराव्या शतकापासून होती. गाव त्यावर गबर झालं. १८९६ च्या ऑलिंपिकसाठी अथेन्सचं संगमरवरी मैदान उभारायला पैसा देणारा गेओर्गिओस अवेरोफ इथलाच.

अवेरोफ नावाच्या चित्रसंग्रहालयात आणि जुन्या वाड्यातल्या वस्तुसंग्रहालयात अर्धा दिवस सहज जातो. वाड्याचा रखवालदार दिवाणखान्यातल्या नक्षीच्या छताबद्दल बोलता बोलता १८५४ वर आला. ग्रीस तोवर स्वतंत्र झालेला, पण एपिरस नाही. सरहद्द दक्षिणेला आर्ताजवळून जायची, आणि टोळ्यांची चैन होती, कारण एका बाजूला लुटायचं आणि दुसऱ्या बाजूला पळायचं. स्वातंत्र्ययुद्धात लढलेले कितीतरी बंदूकवाले नव्या राज्यात बेकार झाले आणि पुन्हा याच धंद्याला लागले. त्या वर्षी आर्मातोली घराण्यातला थिओदोरोस ग्रिवास आपल्या माणसांसह एपिरस सोडवायला म्हणून मेत्सोवोत शिरला. "आणि पहिल्यांदा आम्हालाच लुटलं," रखवालदार म्हणाला. "मग तुर्की फौज आली. जे उरलं होतं ते तिने जाळलं." एपिरसचा हा भाग ग्रीसमध्ये आला तो त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी, बाल्कन युद्धात.

मी विचारलं, ग्रिवासचा पुतळा आहे का गावात? तो म्हणाला, "इथे? नाही." आणि छताकडे परत वळला.

मेत्सोवोने नावाचं धुरावलेलं चीज इथे घ्या. चौकातल्या दुकानांत चव देतात, आणि निर्वात पिशवीत बांधून मागितलं तर विमानातही नेता येतं. पुढे मेटेओराला, सुळक्यांवरच्या मठांकडे, जाणार असाल तर बोगद्याने जा. फक्त घाट बघायचा असेल आणि आकाश मोकळं असेल, तरच काताराचा रस्ता घ्या. आणि शेजारी एसटीचा निवृत्त चालक असेल, तर हॉर्नची सोय झालेली असते.